घडलं होतं, एवढं पुरत नाही

फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याच्या आगेमागे महाराष्ट्रात एक जुना वाद नव्याने पेटला. सुरुवात संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवलेल्या दृश्यावरून झाली. ते दृश्य दिग्दर्शकांनी काढून टाकलं. मग शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, आणि बघता बघता चर्चा मूळ कादंबरीवर, म्हणजे शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या ‘छावा’वर येऊन ठेपली. तिथे सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, कादंबरीकाराचं काय जातं, मनाला येईल ते लिहून मोकळा. खरे कष्ट इतिहासकाराचे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कागद चाळणं ही हमाली आहे, लेखन नव्हे. महाराज घराघरांत पोचले ते कादंबरीमुळे. ही दोन वाक्यं परिसंवादांत, दिवाळी अंकांत, ग्रंथालयांच्या कार्यक्रमांत इतक्या वेळा ऐकू येतात की त्यांच्यात काही विचार उरला आहे का, हेच कुणी तपासत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कथात्म लेखन हे ललितेतर लेखनापेक्षा अवघड आहे. कल्पना लढवावी लागते म्हणून ते अवघड असतं असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो चुकीचा आहे. कल्पना लढवणं ही त्यातली सोपी बाजू. ती शाळकरी मुलंही लढवतात. खरी अडचण ही की, ‘हे असंच घडलं होतं’ असं म्हणून कथालेखकाला कधीच सुटता येत नाही. चरित्रकार, इतिहासकार, पत्रकार, आत्मकथन लिहिणारा या सगळ्यांच्या पाठीशी घडलेलं जग उभं असतं. वाचकाला शंका आली तर ते त्या जगाकडे बोट दाखवू शकतात. कथालेखकाने बोट कुठे दाखवायचं?

पण समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. ललितेतर लेखनाचे कष्ट मराठीत कुणी नीट मोजलेलेच नाहीत. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळत राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला आणि एकूण खंड झाले २२. चां. भ. खैरमोड्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये, बाबासाहेब हयात असताना काढला. पुढचं सगळं आयुष्य त्या एका चरित्रात गेलं आणि काही खंड त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. मराठीत आजवर ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांना. चौघेही मुख्यतः कवी किंवा कादंबरीकार म्हणून ओळखले जातात. साहित्य अकादमीने मात्र १९५५ साली मराठीतला पहिलाच पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या वैचारिक ग्रंथाला दिला होता. म्हणजे एके काळी हे लेखनही ‘साहित्य’ आहे याबद्दल शंका नव्हती. ती शंका आपण नंतर निर्माण केली, आणि ‘हमाली’ हा शब्द वापरणाऱ्यांनी ती वाढवली.

या कष्टांचं सर्वांत बोलकं उदाहरण त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा इतका जाणता अभ्यासक, आणि त्यांचं शिवचरित्र पुरं झालं नाही. १९६३ मध्ये ते गेले. १९६४ मध्ये ‘श्रीशिवछत्रपती’ प्रसिद्ध झालं त्यात होतं काय? संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने. चरित्र नाहीच. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६८ मध्ये, रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ आली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. ललितेतर लेखनाचा कैवार घेणारे हीच दोन सालं पुढे ठेवून विचारतील: बघा, ज्याला सगळं ठाऊक होतं तो पुराव्यापाशी अडला आणि कादंबरीकार पुढे निघून गेला, मग अवघड काय होतं?

प्रश्न बिनतोड वाटतो. तो तसा नाही. शेजवलकरांचं चरित्र अपुरं राहिलं, तरी ते अपुरं पुस्तक अभ्यासकांना आजही लागतं. प्रस्तावनेला स्वतःचं मोल आहे, साधनांना आहे, आराखड्यालाही आहे. अपुऱ्या कादंबरीच्या आराखड्याला कोण विचारतं? त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, इतिहासकाराजवळ एक वाक्य असतं: ‘याबाबत पुरावा उपलब्ध नाही.’ हे वाक्य लिहिल्याने त्याचं पुस्तक कमकुवत होत नाही, उलट त्याच्यावरचा विश्वास वाढतो. ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याहून निसटल्यावर शिवाजी महाराज सोबतच्या माणसांशी वाटेत नेमकं काय बोलले, हे इतिहासकार बिनदिक्कत सोडून देऊ शकतो. कादंबरीकाराने राजांना त्या रस्त्यावर एकदा उभं केलं की ते दिवस पावसाळ्याचे असतात, कपडे भिजलेले असतात, भूक लागलेली असते, सोबतचा माणूस दबक्या आवाजात काहीतरी विचारतो, आणि राजांना उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर त्या माणसाचं, त्या रात्रीचं, त्या थकव्याचं हवं. एक शब्द भाषणासारखा निघाला की राजे तिथल्या तिथे पुतळा होतात. ‘माहीत नाही’ असं म्हणायची सोय कादंबरीकाराला नाही.

दुसरा आक्षेप उत्तरदायित्वाचा. ललितेतर लेखक चुकला तर पकडला जातो, कादंबरीकार ‘पात्रं काल्पनिक आहेत’ म्हणून निसटतो. अर्धं खरं आहे. पण पकडलं जाणं हा ललितेतर लेखनाचा आधारही असतो, हे आपण विसरतो. चुकीची तारीख पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. राजवाड्यांचे कितीतरी निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी नाकारले, तरी त्यांनी छापलेली पत्रं नाकारली गेली नाहीत. लेखकाचं मत पडलं, पुस्तक उभं राहिलं. कादंबरीतली नायिका खोटी वाटली तर तिच्यासाठी शुद्धिपत्र कसलं जोडणार? तिथे चूक एका पानावर नसतेच. ती पहिल्या वाक्यापासून सगळीकडे मुरलेली असते, आणि ती दाखवून द्यायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. दुपारी पडल्या पडल्या वाचणारी कुणीही वाचक पुस्तक मिटून बाजूला ठेवते, एवढं पुरतं.

याला मराठी कादंबरीच्या जन्मापासूनचा दाखला आहे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, जिला आपण मराठीतली पहिली कादंबरी म्हणतो, ती १८५७ ची. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवा भेटतात, त्यांच्या हालांच्या हकिकती येतात. त्या हकिकती खोट्या होत्या का? मुळीच नाही. घराघरांत त्याहून भयंकर घडत होतं. पदमनजींचा कळवळाही खरा होता. तरीही आज ते पुस्तक आपण त्याच्या ऐतिहासिक महत्त्वासाठी उघडतो, यमुनेसाठी नाही. भेटणारी प्रत्येक विधवा साक्षीदारासारखी येते, जबानी देते आणि निघून जाते. सत्य काठोकाठ भरलेलं आहे आणि कथा उभी राहिलेली नाही.

मग ३३ वर्षांनी हरिभाऊ आपटे आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहायला घेतात. विषय तोच. नायिकेचं नावही यमुना, घरातली यमू. लिहिणारा कोण? सव्वीस वर्षांचा पुरुष. त्याला ना बालविवाहात मुलगी म्हणून राहायचा अनुभव, ना वैधव्याचा. ‘आधी अनुभव, मग लेखन’ हा जो नियम आपण नवलेखकांच्या शिबिरांत सर्रास सांगतो, त्याप्रमाणे हे पुस्तक व्हायलाच नको होतं. पण आपटे काय करतात ते पाहा. यमूला ‘मी’ म्हणून बोलायला लावतात आणि मग वैधव्यापर्यंत पोचायची घाई करत नाहीत. माहेरची धुसफूस, दादा, मैत्रीण दुर्गी, नवऱ्याकडून शिकणं, मुंबईतलं ते थोड्या दिवसांचं सुखाचं बिऱ्हाड. ज्या वाचकाला ‘स्त्रियांचे हाल’ या विषयावरचं पुस्तक हवं आहे त्याला ही पानं फापटपसारा वाटतील. पण त्यांच्यामुळेच केशवपनाचा प्रसंग येतो तेव्हा वाचकाला एका विधवेचं नव्हे, तर यमूचं डोकं त्या वस्तऱ्याखाली दिसतं. हकिकत म्हणून सांगायची तर ती चार ओळींत संपते. कादंबरी म्हणून ती पटवायला शेकडो पानं आधीपासून तयारी करावी लागली, आणि त्या तयारीला कुठल्याही कागदपत्राचा आधार नव्हता.

या दोघांच्या मधोमध, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्याचं. त्या निबंधाची धार आजही बोथट झालेली नाही, आणि असं लिहायला लागलेलं धैर्य आपट्यांना लागलेल्या धैर्यापेक्षा जास्त होतं हे मी बिनशर्त मान्य करतो. आपटे पुरुष होते, संपादक होते. ताराबाईंनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जगाला जाब विचारला. पण धैर्य आणि अवघडपणा या दोन गोष्टी आपण सतत एकमेकींत मिसळतो. निबंध अवघड होता तो लिहिणारीला सोसावं लागलं म्हणून. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे की नाही हे वाचकाच्या भोवतालच्या घरांतच दिसत होतं.

हीच गल्लत दलित आत्मकथनांविषयी बोलताना होते, आणि इथला आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. मराठी वाचकाला त्याने जे हादरे दिले ते कुठल्याही कादंबरीला देता आले नसते, कारण हे ज्याच्यावर गुदरलं तो माणूस मुंबईत आपल्यातच वावरत होता. ‘अतिशयोक्ती आहे’ असं म्हणून वाचकाला पळ काढता येत नव्हता. ललितेतर लेखनाचा हा अधिकार कथेला कधीच मिळणार नाही, आणि मिळावा असंही मला वाटत नाही. पण मग १९६३ चा बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आठवा. ‘बलुतं’च्या पंधरा वर्षं आधीचा. त्यातल्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून राहतो. कवी म्हणून त्याचं कौतुक होतं, मान मिळतो. जात उघड झाल्यावर तीच माणसं त्याच्यावर तुटून पडतात. ही कथा आहे. वाचकाला पळायची वाट मोकळी होती: असं कुठे होतं का, हे लेखकाच्या मनातलं आहे. ती वाट बागुलांना फक्त लेखनातून बंद करायची होती, आणि त्यांनी ती केली. आधी मिळालेल्या प्रेमात आपल्यालाही सामील करून घेतलं, म्हणून नंतरच्या मारहाणीत आपल्याला अंग काढून घेता येत नाही.

आणि ‘बलुतं’कडेच परत नीट पाहिलं तर? दया पवारांनी सरळ ‘माझी कहाणी’ सांगितलेली नाही. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसवले आहेत. घडलेलं सगळं खरं असताना या रचनेची गरज का पडली असेल? कारण शिकलेला, नोकरी करणारा, लिहिणारा दया आणि महारवाड्यातला दगडू यांच्यातलं अंतर हाच त्या आयुष्याचा गाभा होता, आणि तो नुसत्या घटनांच्या क्रमातून दिसला नसता. खऱ्याला खरं दिसायला कथेचं अवजार लागलं.

उलट बाजूनेही कुणी ही सीमा ओलांडली तर काय करावं, याचा वस्तुपाठ इरावती कर्व्यांनी घालून दिला आहे. १९६७ हे साल मराठीसाठी विलक्षण होतं. त्याच वर्षी त्यांचा ‘युगान्त’ हा लेखसंग्रह आला आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरीही. सामग्री एकच, महाभारत, कर्ण दोन्हीकडे. इरावतीबाई भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, समोर ठेवून ‘मी कोण?’ या लेखात कर्णाचा हिशेब मांडतात. घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळालेला, भर सभेत द्रौपदीबद्दल नको ते बोललेला कर्ण त्या झाकत नाहीत. सावंतांनी कर्णालाच ‘मी’ म्हणून बोलतं केलं, आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण यांनाही. असं केलं की ते सभेतले शब्दही कर्णाच्या आतून यावे लागतात. बाहेर उभं राहून ‘इथे तो चुकला’ म्हणता येत नाही. ‘मृत्युंजय’ला हे दरवेळी साधलेलं नाही. जिथे कादंबरी कर्णाची वकिली करू लागते तिथे ती माझ्यासाठी ढिली पडते. पण मुद्दा असा की, इरावतीबाईंना न करावं लागलेलं काम सावंतांना करावं लागत होतं.

आणि ते काम काय असतं हे इरावतीबाईंना पक्कं ठाऊक होतं. द्रौपदीवरच्या लेखात एका जागी त्या वाचकाला स्पष्ट सांगतात की, इथवरची चर्चा चिकित्सित आवृत्तीवर आधारलेली आहे, इथून पुढची आपली नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, पदरची क्षुल्लक भर. मग महाप्रस्थानात कोसळलेली द्रौपदी येते, परत फिरून तिच्याजवळ आलेला भीम येतो, आणि पुढच्या जन्मी तू थोरला हो असं ती त्याला म्हणते. महाभारतात हे नाही. ‘युगान्त’ वाचलेल्या कुणालाही विचारा, पुस्तकातलं सगळ्यांत लख्ख काय आठवतं. बहुतेक जण हा प्रसंग सांगतील. एक संशोधक तिच्या आयुष्यभराच्या शिस्तीतून पानभर बाहेर येते, बाहेर आल्याचं बजावून सांगते, आणि त्या पानावर तिला कुठल्याही श्लोकाचा आधार नसतो. द्रौपदीच्या तोंडचं ते वाक्य पटतं ते आधीच्या सगळ्या विवेचनाने द्रौपदी आणि भीम यांना आपल्यासमोर जिवंत केलं होतं म्हणून.

आता ‘छावा’च्या वादाकडे या. वा. सी. बेंद्र्यांनी कित्येक वर्षं खपून १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र सिद्ध केलं. नाटकांनी रंगवलेला व्यसनी, बेजबाबदार राजपुत्र खोडून काढायला त्यांना पुरावाच लागला, आणि तो त्यांनी दिला. पुढे १९७१ मध्ये कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. त्यानंतर कादंबरी, आणि कादंबरीनंतर चित्रपट. या साखळीत जे बिघडलं ते कल्पनेमुळे बिघडलेलं नाही. आपली ऐतिहासिक कादंबरी वाचकाचा विश्वास दोन्ही खात्यांतून काढते: रंगवायचं असेल तेव्हा ‘ही कादंबरी आहे’ आणि शंका आली की ‘हे इतिहासात आहे’. ‘श्रीमान योगी’च्या आरंभी नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. ती चिकित्सा स्वतंत्र निबंध म्हणून अनमोल आहे. पण किती वाचकांनी तिच्या जोरावर पुढची सगळी पानं इतिहास म्हणून वाचली? एखादा प्रसंग ढिसाळ असला तरी तो महाराजांचा आहे म्हणून वाचकाचे डोळे भरून येतात. ते अश्रू महाराजांनी मिळवलेले असतात, कादंबरीकाराने नाही. इतिहासाचा टेकू काढून घेतला तर आपल्या किती ऐतिहासिक कादंबऱ्या स्वतःच्या पायावर उभ्या राहतील, हा प्रश्न त्या वादात कुणीही विचारला नाही. लेझीम होतं की नव्हतं यावर मात्र सगळे हिरिरीने बोलले.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. ऐतिहासिक कादंबरी छापणाऱ्यांनी इरावतीबाईंसारखं वाचकाला सांगावं की पुरावा कुठे संपला. दोन-चार पानांचं टिपण पुरेल, आणि त्याने कादंबरीचं काही बिघडणार नाही. दुसरी मागणी कथेसाठी आहे, आणि ती मला जास्त निकडीची वाटते. ललितेतर पुस्तकाला तपासणारे असतात. तारखा पाहणारा, संदर्भ पाहणारा कुणीतरी भेटतो. कथेला तपासणार कोण? एके काळी श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथा’ मासिकासाठी आलेली कथा वाचून लेखकाला सविस्तर पत्र लिहीत, हे पात्र असं का वागतं, हा शेवट कुठून आला असं विचारत, आणि लेखक पुन्हा लिहायला बसत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. आज नव्या कथालेखकाला दिवाळी अंक आहेत, आणि तिथे जाहिराती आणि छपाईच्या घाईत कथा जशी येते तशी जाते. संशोधनासाठी शिष्यवृत्ती असावी असं आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण कथालेखकाला दुसऱ्या, तिसऱ्या खर्ड्यावर बसवून ‘हे मला पटलं नाही’ म्हणणारा संपादक पगार देऊन नेमणारी किती प्रकाशनं मराठीत उरली आहेत? कादंबरी ‘मनाला येईल ते’ लिहून होते असं ज्यांना वाटतं, त्यांनीच ही सोय अनावश्यक ठरवली आहे.